झाडाखालचा पाऊस : ८० वर्षांचा जमाखर्च

१९१९ साली रॉबर्ट हॉर्टन या अमेरिकी जलतज्ज्ञाने झाडांखाली केलेल्या पाऊसमोजणीचा निबंध प्रसिद्ध केला. किती पाऊस झाडं वरच्या वर अडवतात, हा त्याचा प्रश्न. पाण्याच्या वहीत झाड खर्चाच्या बाजूला गेलं. पानगळीचं जंगल पानांनी भरलेलं असताना हा खर्च बहुधा १० ते २५ टक्के भरतो. ओल्या पानांवरचं पाणी जमिनीला न शिवता हवेत परततं. बाकीचं पानांतून ठिबकतं, थोडं खोडावरून ओघळतं. बीचच्या गुळगुळीत खोडावरून धार थेट मुळाशी जाते. ओकची भेगाळ साल ती आधी स्वतःच पिते.

पुढे बराच काळ हिशेब मिलिमीटरमध्येच चालला. साठच्या दशकात मात्र जंगलात ठेवलेल्या बाटल्या प्रयोगशाळेत जाऊ लागल्या. जर्मनीतल्या सोलिंगच्या डोंगरात बेर्नहार्ड उलरिश यांनी बीच आणि स्प्रूस यांच्याखालचं पाणी तपासलं. सदाहरित स्प्रूसच्या सुया हिवाळ्यातही हवेतलं गंधक टिपत राहतात. त्यामुळे त्याच्याखाली ते कितीतरी जास्त उतरत होतं. म्हणजे ठिबकणाऱ्या पाण्यात पानांच्या आतलं काही असतं, तसं पानांवर बसलेलंही.

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशरमधल्या हबर्ड ब्रुकच्या जंगलात जीन लायकेन्स, हर्बर्ट बोरमन आणि सहकाऱ्यांनी १९६३मध्ये काम सुरू केलं. तिथल्या पावसाच्या सुरुवातीच्या एका नमुन्याचा सामू ३.७ निघाला, म्हणजे पाऊस चांगलाच आम्लधर्मी! १९७३च्या अभ्यासात मेपल, बीच, बर्च यांच्या पानांनी काय केलं ते दिसलं. पावसातलं बरंचसं आम्ल त्यांनी स्वतःकडे घेतलं आणि बदल्यात पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम सोडलं. पोटॅशियम तर जमिनीत परततं ते गळलेल्या पानांपेक्षा पावसाच्या पाण्यातूनच जास्त.

झाडाखालचा पाऊस सौम्य झाला खरा, पण पानांनी दिलेलं कॅल्शियम मुळांनी मातीतूनच आणलेलं. अमेरिकेत १९९०मध्ये हवेचा कायदा कडक झाला, पाऊस आम्लधर्मी करणारं हवेतलं गंधक आणखी घटलं. तरी १९९६मध्ये लायकेन्स यांनी दाखवलं की दशकानुदशकांच्या आम्लवर्षेत मातीची कॅल्शियमची ठेव बरीच मोडली गेली होती. १९९९च्या ऑक्टोबरात हेलिकॉप्टरने हबर्ड ब्रुकच्या सुमारे १२ हेक्टर पाणलोटावर कॅल्शियम सिलिकेट टाकलं गेलं आणि पुढच्या वर्षांत तिथले शुगर मेपल सावरले. हॉर्टनच्या वहीत पाणी अडवणारं झाड प्रत्यक्षात एवढी वर्षं मातीच्या वतीने देणी भागवत होतं.