गडाच्या फेरीचे गणित

डोंगरावर जाऊन येण्याचे दोन प्रकार आहेत. ज्या वाटेने चढलो त्याच वाटेने उतरायचे, हा पहिला. एका वाटेने चढून, डोंगराला वळसा घालून दुसऱ्या वाटेने मूळ गावी यायचे, हा दुसरा. दुसऱ्या प्रकारात अधिक मुलूख पाहायला मिळतो. पण उतरायची वाट चढताना आपण पाहिलेली नसते. म्हणून अशा फेरीचा बेत आधी घरी बसून नकाशा, दोरा आणि घड्याळ यांच्या साहाय्याने आखावा लागतो. तो कसा, हे एका उदाहरणाने पाहू.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात अकोले तालुक्यात प्रवरा नदीवर भंडारदऱ्याचे धरण आहे. ते १९२६ साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाच्या वरच्या टोकाजवळ रतनवाडी हे गाव आणि गावामागे १२९७ मीटर उंचीचा रतनगड. रतनवाडीहून रानातून चढणारी वाट शेवटी लोखंडी शिड्यांवरून गणेश दरवाजाशी पोचते. माथ्यावरून चालत गेले की नेढे लागते. नेढे म्हणजे कातळाला आरपार पडलेले भोक. तेथून त्र्यंबक दरवाजाच्या कातळात खोदलेल्या पायऱ्या उतरायच्या आणि कड्याच्या पायथ्याने वळसा घेत पुन्हा रतनवाडी गाठायची. वाटेत भंडारदऱ्याचे पाणी, कळसूबाईचे शिखर आणि अलंग, मदन, कुलंग हे गड दिसतात.

नकाशा काय सांगतो?

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशावर १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. त्यावरील तपकिरी समोच्च रेषा २० मीटर उंचीच्या अंतराने काढलेल्या असतात. वाटेच्या एका सेंटिमीटरात पाच रेषा ओलांडल्या, तर ५०० मीटर चालताना आपण १०० मीटर चढलो. रेषा एकमेकींना जवळजवळ चिकटल्या असतील, तर तेथे कडा आहे असे समजावे.

सह्याद्रीच्या नकाशात अशा चिकटलेल्या रेषांचे पट्टे एकावर एक दिसतात. याचे कारण जमिनीच्या पोटात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी येथे लाव्हाचे थर एकावर एक पसरले व थिजले. त्यांतील घट्ट कातळ सहज झिजत नाही, त्याचे कडे उभे राहतात. सच्छिद्र, मऊ भाग लवकर झिजतो, तेथे उतार आणि सपाट पट्टे तयार होतात. म्हणून सह्याद्रीत हवे तेथून उतरता येत नाही. एखादी खिंड, एखादी नाळ किंवा खोदलेल्या पायऱ्या, एवढ्याच वाटा असतात. चुकलेली वाट कड्याच्या टोकावर संपते, ती यामुळेच.

किती वेळ लागेल?

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक सोपा नियम दिला. मेट्रिक मापात तो असा : दर ५ किलोमीटर अंतरास १ तास, आणि दर ६०० मीटर चढास आणखी १ तास. नकाशावरील वाटेवर दोरा ठेवून तो फूटपट्टीवर मोजला की अंतर मिळते.

हिशेबासाठी फेरी १२ किलोमीटर आणि चढ ५५० मीटर धरू. अंतराचे २ तास २४ मिनिटे, चढाची ५५ मिनिटे. एकूण सुमारे ३ तास २० मिनिटे. पण हा नियम सरावलेल्या माणसाचा आहे. शिड्या, पाठीवरचे ओझे आणि सर्वांत सावकाश चालणारा सोबती लक्षात घेऊन हा आकडा दीडपट करा. तो ५ तास होतो. जेवण आणि विश्रांती यांचे २ तास मिळवा. म्हणजे ७ तास : नेढ्यापर्यंत ४ आणि पुढे ३. सकाळी साडेसातला निघाल्यास साडेअकराला नेढे, अडीचला गाव.

परतीची वेळ

आता खरा प्रश्न. नेढ्याशी पोचायला उशीर झाला, तर पुढे जावे की मागे फिरावे? पुढे ३ तास, मागे समजा अडीच तास. फरक थोडा आहे, मग पुढेच जाऊ, असे अनेकांना वाटते. येथेच हिशेब चुकतो. पुढची वाट अनोळखी आहे. एक तास उतरल्यावर ती सापडेनाशी झाली, तर तो तास गेला, पुन्हा वर चढायला दीड तास, आणि तेथून परतायला अडीच. बेरीज ५ तास. अनोळखी वाटेचा हिशेब ३ तासांचा न धरता या ५ तासांचा धरायचा असतो.

डिसेंबरच्या मध्यास येथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि पंचवीसएक मिनिटांत काळोख पडतो. गावात साडेपाचपर्यंत पोचायचे असेल, तर नेढे सोडण्याची शेवटची वेळ साडेबारा. त्यानंतर एक मिनिटही झाले, तरी आल्या वाटेने परत. ही वेळ घरीच कागदावर लिहून ठेवा. माथ्यावर उत्साहाच्या भरात ठरवलेली वेळ बहुधा पुढे सरकते.

पाणी दिसेल का?

जलाशय कोठून दिसेल, हेही घरी काढता येते. आलेख कागदावर, आडव्या रेषेवर अंतर आणि उभ्या रेषेवर उंची घेऊन तुमच्या जागेपासून पाण्यापर्यंत डोंगराचा छेद काढा. दोन्ही टोकांना पट्टी लावा. पट्टी मधल्या सोंडेला कापत असेल, तर पाणी दिसणार नाही. न्याहारीची जागा अशी निवडता येईल.

प्यायचे पाणी चालण्याच्या दर तासास अर्धा लिटर धरा. म्हणजे माणशी अडीच लिटर, आणि तेवढेच किलो ओझे. गड १९८६ साली घोषित झालेल्या अभयारण्यात आहे. म्हणून वनखात्याकडे चौकशी करा, शिक्षक व गावातील माहीतगार माणूस बरोबर घ्या, आणि परतण्याची वेळ गावात सांगून ठेवा.

आता एक प्रयोग. तुमच्या गावाजवळच्या टेकडीसाठी नेस्मिथच्या नियमाने वेळ काढा. मग वर्गासह चढून प्रत्यक्ष वेळ मोजा. प्रत्यक्ष वेळेला अंदाजाने भागा. येणारी संख्या दीड असेल, कदाचित दोनही असेल. ती तुमच्या वर्गाची संख्या. रतनगडाच्या बेतात दीडच्या जागी तीच घाला आणि पाहा, साडेसातला निघून नेढे साडेबाराच्या आत गाठता येते का.