तळ्याकाठचा विसावा आणि गावाचे आतिथ्य

विश्रांतीची गरज माणसाला नवी नाही; नवी आहे ती विश्रांतीसाठी जागा शोधण्याची वणवण. आपल्या पूर्वजांना ही वणवण करावी लागत नसे. लेकीला माहेरपण होते, मुलांना उन्हाळ्याच्या सुटीत आजोळ होते, वडीलधाऱ्यांना तीर्थयात्रा होती आणि साऱ्या घराला ग्रामदैवताची जत्रा होती. आज पुष्कळ कुटुंबांचे आजोळच शहरात येऊन राहिले आहे. चार दिवस मोकळ्या हवेत काढावेत असे वाटले, की दुसऱ्या कोणाचे तरी गाव शोधावे लागते. आणि त्या गावी तळे असेल तर मन अधिकच ओढ घेते.

या ओढीबरोबर गेल्या काही वर्षांत लग्नकार्यही शहराबाहेर पडले आहे. पूर्वी वऱ्हाड निघे ते वधूच्या गावी. मांडव तिच्या दारी, जानवसा शेजारच्या वाड्यात, पाणी भरायला आळीतली माणसे आणि वाढायला भाऊबंद. यजमान कोण आणि पाहुणा कोण, याविषयी कोणाच्या मनात संदेह नसे. आता वधूपक्ष आणि वरपक्ष दोघेही प्रवास करून एका तिसऱ्याच गावी जातात. तेथे दोघांचेही कोणी नसते. जेवणाचे, निवासाचे, सजावटीचे मोल चुकते केले जाते आणि दोन दिवसांत मांडव उठतो. परंतु ज्या गावाच्या पाण्यावर, वाऱ्यावर आणि शांततेवर हा सोहळा साजरा झाला, ते गाव त्या हिशेबात कोठे असते? या प्रश्नाचा विचार करण्यास म्हैसूरजवळील येलवाल या गावासारखे दुसरे ठिकाण क्वचितच सापडेल.

साहेबाच्या बंगल्यापासून

येलवाल हे गाव म्हैसूरपासून सुमारे पंधरा किलोमीटरवर, हुनसूरमार्गे कोडगूकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. शहराचा गजबजाट टाळून येथे येण्याची कल्पना आजची नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात म्हैसूर दरबारी असलेले ब्रिटिश रेसिडेंट आर्थर कोल यांनी येलवालला आपल्यासाठी बंगला बांधविला. राजधानीपासून घोड्यावरून वा गाडीतून येण्याइतके जवळ आणि राजकारणाच्या कोलाहलापासून पुरेसे दूर, असे हे स्थळ त्यांना रुचले असावे. दोनशे वर्षांनंतर नागरिक कुटुंबे याच सोयीने या परिसराकडे वळतात. मार्च २०२३ मध्ये बंगळूर ते म्हैसूर हा द्रुतगती मार्ग खुला झाल्यापासून तर बंगळूरच्या कुटुंबालाही सकाळी निघून दुपारच्या जेवणाला येथे पोहोचणे सोपे झाले आहे.

हा मुलूख उंचसखल पठाराचा आहे. नाचणी, भात, नारळ, तुती आणि त्यांच्यामध्ये ठिकठिकाणी चमकणारी तळी असे त्याचे रूप. कानडीत तळ्याला 'केरे' म्हणतात. प्रवाशाला ही तळी निसर्गाची देणगी वाटतात. प्रत्यक्षात त्यांतील बहुतेक सारी माणसाच्या श्रमांनी झालेली आहेत. उतारावर मातीचा बांध घालायचा, पाणी सोडण्यासाठी त्यात मोरी ठेवायची आणि पुराचे जास्त पाणी निघून जावे म्हणून एका बाजूला सांडवा काढायचा, अशी ही रचना. वरच्या तळ्याचा सांडवा वाहू लागला की त्याचे पाणी खालच्या तळ्यात उतरते. अशा रीतीने एका ओढ्यावर तळ्यांची माळच गुंफलेली असते. कोणत्या शेताला केव्हा आणि किती पाणी द्यावयाचे हे पाहणाऱ्या माणसाला 'नीरगंटी' म्हणत. तळ्यातला गाळ उन्हाळ्यात काढून शेतात पसरला जाई. त्याने शेत सकस होई आणि तळे खोल राही.

विदर्भातील वाचकांना ही व्यवस्था परकी वाटणार नाही. भंडारा, गोंदिया आणि चंद्रपूर या भागांतील माजी मालगुजारी तलाव याच शहाणपणातून निर्माण झाले आणि ते बांधण्यात कोहळी समाजाचा वाटा मोठा होता. म्हैसूर शहरातही राजांनी तळी बांधविली. लिंगांबुधी तलाव तिसऱ्या कृष्णराज वोडेयर यांनी आपल्या राणीच्या स्मरणार्थ १८२८ मध्ये केला, तर कुक्करहळ्ळीचे तळे त्यांच्याच कारकीर्दीत १८६४ च्या सुमारास झाले. आज त्याच्या काठाने फिरणाऱ्या शेकडो नागरिकांना ते मूळचे शेतीच्या पाण्यासाठी झाले होते हे ठाऊकही नसेल.

पाण्याखालचे गाव

येलवालच्या उत्तरेस कृष्णराजसागराचा विस्तीर्ण जलाशय पसरला आहे. कावेरी, हेमावती आणि लक्ष्मणतीर्थ या तीन नद्यांचे पाणी येथे एकवटते. १९११ मध्ये धरणाचे काम सुरू झाले आणि पुढील दोन दशकांत ते पुरे झाले. सुमारे आठ हजार सहाशे फूट लांबीचा हा बांध सिमेंटने नव्हे, चुना आणि सुरखी यांच्या मिश्रणाने बांधलेला आहे. त्यामागे सुमारे एकोणपन्नास अब्ज घनफूट पाणी साठते. या कार्यामागे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांची बुद्धी होती. महाराष्ट्राला ते परके नाहीत. त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यात झाले, नोकरीचा पूर्वार्ध मुंबई इलाख्यात गेला आणि त्यांनी योजलेले स्वयंचलित दरवाजे १९०३ मध्ये खडकवासल्याच्या तलावावर प्रथम बसले.

या धरणाने मंड्याचा कोरडा मुलूख उसाने आणि भाताने हिरवा केला. धरणाच्या पायथ्याशी दिवाण मिर्झा इस्माईल यांच्या पुढाकाराने वृंदावन उद्यान उभे राहिले आणि मराठी कुटुंबांच्या कित्येक पिढ्यांनी म्हैसूर-उटीच्या सहलीत तेथील रंगीत कारंजी डोळे भरून पाहिली. परंतु त्याच पाण्याखाली कन्नंबाडी हे गाव गेले. तेथील बाराव्या शतकातील होयसळ शैलीचे वेणुगोपालस्वामींचे मंदिरही बुडाले. दुष्काळाच्या वर्षी पाणी ओसरले की त्याचे अवशेष दिसत. अखेर विद्यमान शतकात त्याचे दगड उचलून काठावरच्या उंच जागी, होसा कन्नंबाडी येथे, मंदिर पुन्हा उभारण्यात आले. आज तेथे सहलीला येणाऱ्यांच्या मागे निळे पाणी पसरलेले असते आणि त्या पाण्याखाली कोणाच्या तरी चुली आणि उंबरे असतात.

पुण्याजवळच्या मुळशीचीही हीच कथा आहे. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. तरीही धरण झाले आणि गावे गेली. आज मुळशीच्या काठी मुंबई-पुण्याची मंडळी विसाव्याला आणि लग्नकार्याला जातात. त्यांनी जाऊ नये असे कोण म्हणेल? मात्र ज्या पाण्याकाठी आपण आनंद मानतो, त्या पाण्याची किंमत कोणीतरी आधीच मोजली आहे, ही जाणीव ठेवली तर आनंद उणा होत नाही. उलट तो अधिक शहाणा होतो.

येलवालची दुसरी ओळख

येलवालच्या इतिहासात एक अशीही भेट आहे, की जिच्यात पाहुणे विसाव्यासाठी आले नव्हते. २१ आणि २२ सप्टेंबर १९५७ रोजी येथे ग्रामदान परिषद भरली. कोकणातील गागोदे गावी जन्मलेले विनोबा भावे त्या वेळी पदयात्रा करीत केरळातून कर्नाटकात आले होते. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद, पंतप्रधान पंडित नेहरू, गोविंद वल्लभ पंत, मोरारजी देसाई, जयप्रकाश नारायण आणि केरळचे साम्यवादी मुख्यमंत्री नंबुद्रिपाद अशी भिन्न मतांची माणसे या लहानशा गावी एकत्र बसली. गावातील जमीन व्यक्तीची न राहता गावाची व्हावी, हा ग्रामदानाचा विचार. अहिंसेने आणि स्वेच्छेने चाललेल्या या कार्याला सर्वांनी पाठिंबा दिला आणि सरकारी सामूहिक विकास योजनेचे त्याच्याशी निकटचे सहकार्य व्हावे असे ठरविले. विनोबांनी तेथे ग्रामदानाला देशाच्या संरक्षणाचे साधन म्हटले. जे गाव आतून एक आहे ते सहसा मोडत नाही, असा त्याचा आशय.

पुढे ग्रामदानाच्या घोषणा पुष्कळ झाल्या आणि त्यांतील अनेक कागदावरच राहिल्या, हेही सत्य आहे. तरी तो विचार अगदीच विझला नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाने २०१३ मध्ये महाराष्ट्राच्या १९६४ च्या ग्रामदान कायद्याचा आधार घेऊन हाच मार्ग पत्करला. येलवालला जाणाऱ्या पाहुण्याने या परिषदेतून एवढे तरी घ्यावे, की गाव म्हणजे मोकळ्या जागेचा तुकडा नव्हे; ते एक कुटुंब आहे आणि त्याच्या उंबरठ्याचा मान राखला पाहिजे.

मुहूर्त आणि पाणी

हा मान कसा राखावा? प्रथम ऋतूचा विचार करावा. नैर्ऋत्य मोसमी पावसाने कोडगूच्या डोंगरात कावेरी भरते आणि तिच्यामागून जलाशय भरतो. तुलसीविवाहानंतरच्या कार्तिक-मार्गशीर्षात तळी तुडुंब असतात, हवा सुखद असते. वैशाखातले मुहूर्त मात्र पाणी आटते त्याच दिवसांत येतात. शेदोनशे पाहुण्यांच्या स्नानाला, स्वयंपाकाला आणि हिरवळीला लागणारे पाणी त्या दिवसांत गावाच्या वाट्यातूनच येते. २०२३ मध्ये पावसाने दगा दिला, कृष्णराजसागर पुरता भरला नाही आणि पुढचा उन्हाळा साऱ्या मुलुखाला कठीण गेला. पंचांगाबरोबर पाण्याचाही अंदाज पाहणे हे आजच्या यजमानाचे कर्तव्य आहे.

दुसरी गोष्ट पाहुण्यांच्या संख्येची. १९६० च्या दशकात अन्नटंचाई असताना काही राज्यांत लग्नातील पाहुण्यांची संख्या कायद्याने मर्यादित केली होती. आज तसा निर्बंध नाही; म्हणूनच विवेकाची गरज अधिक. कर्ज काढून तळ्याकाठी केलेले लग्न दोन दिवस मिरवते आणि नव्या संसाराला कित्येक वर्षे भोवते. दूरचे लग्न म्हटले की निवडकच माणसे येतात, ही त्याची खरी सोय. तिचा उपयोग खर्च कमी करण्यासाठी व्हावा, सजावट वाढविण्यासाठी नव्हे. आणि प्रवासाच्या नावाखाली वधूपित्यावर नव्या मानपानाचा भार टाकणे, हे १९६१ च्या हुंडाप्रतिबंधक कायद्याच्या हेतूशी प्रतारणा करण्यासारखेच आहे.

तिसरी गोष्ट अशी, की त्या मातीत जे पिकते तेच पंगतीत यावे. म्हैसूरची मोगऱ्यासारखी सुवासिक मल्लिगे, तेथील विड्याची पाने, नंजनगूडची रसबाळे केळी यांना भौगोलिक निर्देशांकाचा मान मिळालेला आहे. केळीच्या पानावरची नाचणीची मुद्दे आणि सांबार, तांदळाची खीर आणि शेवटी म्हैसूरपाक, एवढ्यात पाहुणा तृप्त होतो. दारात नागस्वर आणि डोल वाजविणारे कलावंत जवळपासच्या गावांत असतात. फुले, भाजी, दूध, नारळ आणि माणसांचे श्रम गावातूनच घेतले, तर लग्नाचा पैसा गावात राहतो. सारेच शहरातून मालमोटारीने आणले, तर गावाच्या वाट्याला केवळ कचरा येतो.

कचऱ्याविषयी कायदाही स्पष्ट आहे. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे आणि सजावटीचा थर्मोकोल यांवर देशभर बंदी आहे. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास सन २००० च्या नियमांनी मनाई केली आहे. येथे तर तळ्यांवर पक्ष्यांची वस्ती असते. जवळचे रंगनतिट्टू हे पक्षिक्षेत्र सलीम अली यांच्या सूचनेवरून १९४० मध्ये संरक्षित झाले आणि २०२२ मध्ये रामसर यादीत गेले. फटाक्यांच्या एका माळेने पक्षी घरट्यांवरून उठतात, हे मुलांना समजावून सांगावे. तसेच जलाशयात पोहण्याचा मोह मुलांना होऊ देऊ नये. तळाचा गाळ आणि एकाएकी येणारी खोली वरून दिसत नाही.

विवाह विशेष विवाह कायद्यान्वये करावयाचा असेल, तर वधूवरांपैकी एकाने त्या जिल्ह्यात किमान तीस दिवस वास्तव्य केलेले असावे लागते आणि नोटिशीनंतर आणखी तीस दिवस थांबावे लागते. म्हणून अशा वधूवरांनी नोंदणी आपल्या जिल्ह्यात आधी करावी आणि सोहळा तळ्याकाठी साजरा करावा, हे सोयीचे. धार्मिक विधीने झालेल्या विवाहाचीही नोंदणी विसरू नये.

हुनसूर रस्त्याने म्हैसूरची वस्ती आज येलवालकडे सरकत आहे. ज्या शांततेसाठी माणसे तेथे जातात ती शांतताच त्यांच्या जाण्याने संपावी, हा धोका खरा आहे. तो टाळणे सर्वस्वी सरकारच्या किंवा ग्रामपंचायतीच्या हाती नाही. काही अंशी तो प्रत्येक पाहुण्याच्या हाती आहे. आपल्याकडे लग्नात ग्रामदैवताला पहिला विडा आणि पहिला नारळ ठेवण्याची रीत आहे. तिसऱ्या गावी लग्न करणाऱ्यांनीही ती पाळावी. गावच्या देवळाला, शाळेला किंवा तळ्याचा गाळ काढण्याच्या कामाला यथाशक्ति आहेर द्यावा आणि गावकऱ्यांना पंगतीला बोलवावे. एवढे केले तर ते गाव तिसरे राहणार नाही. दोन्ही कुळांचे सोयरे होईल.