चहाच्या सुट्टीतील ज्वारीचा केक

कृषी संशोधन संस्था हैदराबादची असो, कर्नालची असो की जोधपूरची; दुपारी चारच्या सुमारास कोणाच्या तरी मेजावर डबा उघडतो. बढतीचे पेढे, नव्या बाळाच्या आगमनाची बर्फी, सत्यनारायणाचा शिरा ही त्या डब्याची जुनी ओळख. अलीकडे त्यात घरी भाजलेला केकही दिसू लागला आहे. दुकानातून मागवलेला, वर नाव लिहिलेला वाढदिवसाचा केक निराळा. हा साधा, बिनसजावटीचा. रविवारी संध्याकाळी लहानशा विजेच्या भट्टीत किंवा तळाशी मीठ पसरलेल्या कुकरमध्ये भाजलेला आणि सोमवारी सहकाऱ्यांसाठी चौकोनी तुकडे करून आणलेला. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, आणि त्या सुमारास अनेक घरांतील केकच्या मिश्रणात ज्वारी, नाचणी व बाजरी यांनी प्रवेश केला.

डबा फिरतो, प्रत्येक जण तुकडा उचलतो आणि म्हणतो, "वा, छान झालाय!" अडचण येथेच सुरू होते. करणाऱ्याने रात्री जागून केलेल्या पदार्थाला त्याच्यासमोर नावे ठेवणे आपल्याकडील शिष्टाचारात बसत नाही. परिणामी कोरडा पडलेला, दातांखाली कचकचणारा केकही "छान" ठरतो, दुसरा तुकडा मात्र कोणी घेत नाही. खाणारा मनाशी एवढेच ठरवतो की ज्वारीचा केक काही खरा नाही. दोष कृतीचा असतो आणि शिक्षा धान्याला होते. ज्या धान्याचे देशातील क्षेत्र १९७०च्या सुमारास पावणेदोन कोटी हेक्टरांच्या आसपास होते आणि आज ५० लाख हेक्टरांच्याही खाली आले आहे, त्याला असा अपयश पदरी घालणारा केक परवडणारा नाही. शहरातील पगारदार मनुष्य ज्वारी भाकरीच्या रूपाने खात नसेल, तर ती त्याच्यापर्यंत कोणत्या रूपाने पोहोचेल, हा प्रश्न संशोधकाइतकाच मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याचाही आहे.

ज्वारीचा केक चांगला होऊ शकतो, आणि त्यामागचे कारण समजून घेण्याजोगे आहे. गव्हातील ग्लुटेन हे प्रथिन पाण्यात मळले की ताणले जाणारे जाळे तयार करते. पाव त्याच्याविना उभा राहत नाही. केकचे तसे नाही. केक बनवणारा उलट ग्लुटेन वाढू नये म्हणूनच धडपडतो. मैदा घातल्यावर मिश्रण फार ढवळू नका, असे प्रत्येक पाककृती बजावते ती याचसाठी. केकचा सांगाडा मुख्यतः दोन गोष्टींवर उभा असतो: उष्णतेने घट्ट होणारी अंड्यातील प्रथिने आणि पाणी शोषून फुगणारे, मग चिकट होऊन थिजणारे पिठातील स्टार्च. ज्वारीत ग्लुटेन नाही, पण स्टार्च भरपूर आहे. म्हणून पावाच्या बाबतीत अडखळणारी ज्वारी केकच्या बाबतीत गव्हाच्या जवळ येऊन उभी राहते.

जवळ, पण बरोबरीने नव्हे. ज्वारीचे स्टार्च फुगण्यासाठी गव्हाच्या स्टार्चपेक्षा अधिक तापमान लागते, आणि मिश्रणातील साखर ते तापमान आणखी वर ढकलते. शिवाय दाण्याचा कठीण भाग दळला तरी बारीक कण्यांच्या रूपाने पिठात राहतो. या कण्या पाणी सावकाश पितात. मैद्याच्या केकची पाककृती घेऊन त्यात मैद्याऐवजी तेवढेच ज्वारीचे पीठ घातले, की कण्या कोरड्या राहतात आणि केक रवाळ, भुसभुशीत होतो. ही चूक इतकी सार्वत्रिक आहे की ज्वारीच्या केकचा तो स्वभावच आहे असा समज रूढ झाला आहे.

त्यावरचा उपाय भाकरी करणाऱ्या हातांना पूर्वीपासून ठाऊक आहे. पीठ जुने झाले, त्याची विरी गेली, की भाकरी थापताना तुटते. मग पाण्याला उकळी आणून त्यात पीठ घालतात आणि उकड काढून मळतात. स्टार्च आधीच शिजल्यामुळे त्याला चिकटपणा येतो आणि भाकरी सांधली जाते. केकमध्येही हीच युक्ती चालते. एकूण पिठाचा लहानसा हिस्सा उकळत्या दुधात शिजवून घ्यावा, तो निवल्यावर उरलेल्या मिश्रणात घोटावा. पीठ मैद्याच्या चाळणीने चाळावे, दूध मैद्याच्या केकपेक्षा थोडे अधिक घ्यावे आणि सोडा किंवा बेकिंग पावडर घालण्यापूर्वी मिश्रण अर्धा तास झाकून ठेवावे. प्रथमच करणाऱ्याने निम्मी कणीक व निम्मी ज्वारी घेतलेली बरी. अंडी वर्ज्य असतील तर निव्वळ ज्वारीचा केक सांधणे अवघड जाते. तेथे दही, कुस्करलेले पिकलेले केळे आणि पाण्यात भिजवलेली जवसाची पूड कामास येतात. जवसातून सुटणारा बुळबुळीत द्राव काही प्रमाणात अंड्याच्या पांढऱ्याची जागा घेतो, आणि दह्यातील आम्ल सोड्याशी संयोग पावून मिश्रण फुगवते.

बाजरीची गोष्ट वेगळी आहे. तिच्या दाण्यात स्निग्धांश सुमारे ५ टक्के, म्हणजे गव्हाच्या दुपटीहून अधिक. दळताच दाण्यातील विकरे त्या स्निग्धांशावर काम करू लागतात आणि उष्ण हवेत आठवडाभरात पीठ कडवट होते. महिनाभर कपाटात राहिलेल्या बाजरीच्या पिठाचा केक कार्यालयात नेणे म्हणजे बाजरीची बदनामी करणे होय. ताजे दळण हाच सोपा मार्ग. दाणे काही क्षण उकळत्या पाण्यातून काढून, पूर्ण वाळवून दळले तर पीठ अधिक टिकते, कारण उष्णतेने ती विकरे निष्क्रिय होतात.

नाचणीचा रंग कोकोच्या रंगात मिसळून जातो, त्यामुळे तिचा केक दिसायला नेहमी उजवा ठरतो. तिच्या कॅल्शियमचे गुणगान मात्र बेताने करावे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते हे खरे. २०० ग्रॅम पिठाच्या केकचे १६ तुकडे केले तर एका तुकड्यात साडेबारा ग्रॅम नाचणी येते, म्हणजे जेमतेम ४४ मिलिग्रॅम. प्रौढ व्यक्तीची दिवसाची गरज १,००० मिलिग्रॅमची आहे. त्याच तुकड्यात साखर किती? पीठ, साखर, लोणी व अंडी समान वजनाने घेण्याच्या जुन्या प्रमाणानुसार साडेबारा ग्रॅमच. जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली वरची मर्यादा, २,००० कॅलरींच्या आहारासाठी, दिवसाला ५० ग्रॅम आहे. तिचा चौथा हिस्सा चहाबरोबर संपतो, आणि चहातील साखर वेगळीच. देशात १० कोटींहून अधिक लोक मधुमेहाने ग्रस्त असल्याचे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले. नाचणीचा केक हा केकच असतो. तो औषध म्हणून पुढे करू नये. तुकडे लहान कापावेत, नको म्हणणाऱ्याला आग्रह करू नये.

भट्टी आणि केक हे दोन्ही परके, असे मानणाऱ्यांनी कोकणातील तवसाळी आठवावी. जून झालेले तवसे किसून, तांदळाचा रवा, गूळ व खोबरे घालून केलेला हा पदार्थ पूर्वी भांड्याच्या खाली विस्तव आणि झाकणावर निखारे ठेवून भाजत. गोव्यातील रवा-नारळाचा बात त्याच कुळातला म्हणता येईल. केरळमधील थलश्शेरीच्या मांबळी बापू यांची कथा तर प्रसिद्धच आहे. १८८३ साली जवळच्या दालचिनी मळ्याच्या ब्राउन नावाच्या मालकाने त्यांना विलायतेतून आणलेला केक चाखायला दिला आणि तसाच करून मागितला. बापूंनी विलायती ब्रँडीऐवजी काजूच्या बोंडांपासून व स्थानिक केळ्यांपासून केलेले मद्य वापरले, असे सांगितले जाते. चव घेऊन, भोवतालच्या पिकांत तिला पर्याय शोधण्याची ही वृत्ती कोणत्याही धान्य प्रयोगशाळेला शोभेल अशी आहे.

आता पुन्हा त्या "छान"कडे. सहकाऱ्याच्या जिभेची पारख कशी करावी, हा प्रश्न एका कृषी संशोधन केंद्रातच, तोही चहाच्या वेळी उपस्थित झाला होता. इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे, १९२०च्या दशकाच्या प्रारंभी, शैवालांच्या अभ्यासक म्युरिएल ब्रिस्टल यांनी सांगितले की कपात आधी दूध ओतले की आधी चहा, हे चवीवरून ओळखता येते. तेथील संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी वाद घातला नाही. कप मांडून परीक्षाच घेतली. पुढे १९३५च्या आपल्या ग्रंथात त्यांनी हा प्रयोग आठ कपांचा म्हणून मांडला: चार एका पद्धतीचे, चार दुसऱ्या, क्रम यादृच्छिक. केवळ अंदाजाने आठही बरोबर येण्याची शक्यता ७० पैकी एक. प्रत्यक्षात किती कप ओळखले गेले, हे त्या ग्रंथात दिलेले नाही. फिशर यांना रस निकालापेक्षा रचनेत होता. त्या रचनेची शिस्त भारतीय शेतीच्या प्रयोगांत रुजवण्याचे मोठे श्रेय पानसे व सुखात्मे या जोडीच्या, भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९५४ साली प्रकाशित केलेल्या ग्रंथाकडे जाते. पिकांच्या प्रयोगात ती काटेकोरपणे पाळणारी माणसे केकच्या डब्यापाशी ती विसरतात, ही गमतीची गोष्ट आहे.

अन्नतंत्रज्ञानात चवीच्या चाचणीसाठी सहसा नऊ गुणांची श्रेणी वापरतात, "अत्यंत नावडले" येथपासून "अत्यंत आवडले" येथपर्यंत. अमेरिकी लष्कराच्या अन्न संशोधकांनी ती सैनिकांच्या शिध्यासाठी विकसित केली होती. नमुन्यांना तीन अंकी क्रमांक देतात. "१" आणि "२" असे दिले तर पहिला तो चांगला, असा कल मनात आधीच तयार होतो. कार्यालयात इतके सारे करण्याची गरज नाही. एक डबा मैद्याच्या केकचा, दुसरा ज्वारीच्या. दोन्हींत सारखाच कोको, म्हणजे रंगावरून ओळख पटू नये. एकावर ३१७, दुसऱ्यावर ५८४ अशी चिठ्ठी. आणणाऱ्याने त्या वेळी तेथे थांबू नये, म्हणजे कोणावर भीड पडत नाही. पाच वाजता प्रत्येक डब्यात किती तुकडे उरले ते मोजावे. अधिक हौस असेल तर तीन तुकड्यांची चाचणी घ्यावी: दोन सारखे, एक वेगळा, वेगळा कोणता ते सांगायचे. अशा परीक्षेत १२ पैकी किमान ८ जणांनी अचूक ओळखले, तरच फरक खरोखर जाणवतो असे म्हणता येते. त्याहून कमी जणांना ओळखता आले तर तो अंदाजाचा खेळ असू शकतो. ज्वारीच्या केकसाठी ती निराशेची वार्ता खचितच नव्हे.

क्रमांकाची गंमत करताना एक गोष्ट मात्र लपवता येत नाही, ती म्हणजे घटकांची यादी. अंडे आहे की नाही, शेंगदाणे, काजू, अक्रोड आहेत का, दूध आहे का, हे डब्याशेजारी कागदावर लिहिलेले असावे. कोणाची चतुर्थी असते, कोणाला दाण्यांची घातक ॲलर्जी. ग्लुटेन न सोसणाऱ्या सीलिॲक रुग्णाला "ज्वारीचा आहे, बिनधास्त खा" असे सांगणे धोक्याचे ठरू शकते. निम्मी कणीक असेल तर प्रश्नच नाही, पण निव्वळ ज्वारीही आधी गहू दळलेल्या गिरणीतून आलेली असेल तर तिच्यात गव्हाचा अंश मिसळलेला असतोच.

आपल्याकडे शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करीत नाहीत. हीच रीत कार्यालयातही चालत आलेली आहे: हैदराबादेत त्या डब्यातून तांदळाची सकिनालू येते, बिहारी सहकाऱ्याकडून छठपूजेचा ठेकुआ. कधी डब्याबरोबर एक विचारणाही येते, की हे पीठ कोठून आणले आणि दळताना काय सांगायचे. अशा वेळी पिठाच्या पुडीबरोबर उकड काढण्याची कृतीही लिहून द्यावी, आणि बाजरीचे असेल तर पुडीवर दळल्याची तारीख.