रिचार्ज महागला, ग्राहक घटले, तरी जिओची कमाई कशी वाढली?

जळगावजवळच्या असोद्यात एका घरात तीन मोबाइल आहेत, असं समजा. जुलै 2024 नंतर त्या घराचा खर्च किती वाढला? जिओचा 28 दिवसांचा, रोज दीड जीबी डेटाचा पॅक 239 रुपयांवरून 299 वर गेला. 28 दिवसांच्या हिशोबाने वर्षाला 12 नाही, 13 रिचार्ज होतात. म्हणजे एका मोबाइलमागे 780 आणि तिघांचे मिळून 2,340 रुपये जास्त.

3 जुलैला जिओ आणि एअरटेलचे, तर 4 जुलैला व्होडाफोन आयडियाचे नवे दर लागू झाले.

एआरपीयू म्हणजे काय?

एका ग्राहकाकडून कंपनीला महिन्याला मिळणारं सरासरी उत्पन्न. एप्रिल ते जून 2024 मध्ये जिओचा एआरपीयू 181.7 रुपये होता. पुढच्या तिमाहीत तो 195.1 रुपये झाला.

पॅक 25 टक्के महाग, मग एआरपीयू 7 टक्केच का वाढला?

सगळेच पॅक सारखे महागले नाहीत. शिवाय ज्यांनी आधीच 84 दिवसांचा किंवा वर्षाचा रिचार्ज केला होता, त्यांच्याकडून नवा दर तो पॅक संपल्यावरच मिळतो. त्यामुळे दरवाढीचा पैसा हप्त्याहप्त्याने येतो. जानेवारी ते मार्च 2025 मध्ये हाच आकडा 206.2 रुपयांवर पोहोचला.

ग्राहक गेले, त्याचं काय?

जुलै ते सप्टेंबर 2024 मध्ये जिओचे ग्राहक 48.97 कोटींवरून 47.88 कोटींवर आले. तरी ग्राहक गुणिले एआरपीयू असा ढोबळ हिशोब केला, तर महिन्याचं उत्पन्न सुमारे 8,900 कोटींवरून 9,340 कोटी रुपये होतं. जास्तीचं सिम बंद करणारा ग्राहक मुळात कमी पैसे देणारा असतो. तो गेला की सरासरी उलट वर जाते. टॉवर आणि स्पेक्ट्रमचा खर्च मात्र फारसा बदलत नाही.

तुमच्या हातात काय आहे?

जुलै 2024 मध्ये बीएसएनएलने दर वाढवले नव्हते आणि त्या महिन्यात तिचे सुमारे 29 लाख ग्राहक वाढले. पण नंबर पोर्ट करण्याआधी गावात रेंज कशी आहे ते बघा. डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक देणं कंपन्यांना बंधनकारक केलं. आजीच्या कीपॅड फोनवर अजून डेटाचा पॅक मारत असाल, तर आधी हा पर्याय तपासा.