गाडीचा विमा: हप्ता कमी कशामुळे झाला, ते आधी बघा

कार-जीपच्या विम्याची मुदत संपत आली, की एजंटाचा मेसेज येतो, "यंदा स्वस्तात करून देतो." पैसे भरण्याआधी जुनी पॉलिसी आणि नवं कोटेशन समोर ठेवून एवढं तपासा.

१) *आयडीव्ही:* गाडी चोरीला गेली किंवा पार निकामी झाली, तर याच रकमेवर भरपाई ठरते. ती दरवर्षी थोडी उतरतेच. पण बाजारभावापेक्षा फार खाली आणली असेल, तर आज वाचलेले हजार-दोन हजार उद्या लाखाला पडतील.

२) *प्रकार:* नुसत्या थर्ड पार्टीत समोरच्याचं नुकसान भरलं जातं, आपल्या गाडीचं नाही.

३) *नो क्लेम बोनस:* पहिल्या वर्षी २० टक्के, सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्के. गेल्या वर्षी क्लेम घेऊनही बोनस लावला असेल, तर काढायला सांगा. नाहीतर पुढचा क्लेम अडकतो. मुदत संपून ९० दिवस उलटले, की हक्काचा बोनसही जातो.

४) *सीएनजी किट* नंतर बसवलंय? आरसी आणि पॉलिसी दोन्हींत नोंद हवी.

यातलं काहीच कमी केलेलं नसेल, तर स्वस्त पॉलिसी खुशाल घ्या. पण मुदत संपायच्या आत.