बेलोऱ्याला विमान उतरलं, आता ते टिकणार कसं?

१६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईहून आलेलं अलायन्स एअरचं एटीआर-७२ विमान बेलोऱ्याच्या धावपट्टीवर उतरलं आणि अमरावतीची नियमित विमानसेवा सुरू झाली. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस, उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे व अजित पवार आणि केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्री राममोहन नायडू यांच्या उपस्थितीत उद्घाटन झालं. अमरावती, बडनेरा, अचलपूर, मूर्तिजापूर, अकोला या पट्ट्यात तेव्हापासून दोन प्रश्न हमखास ऐकू येतात. पहिला, "आपल्याले याचा काय फायदा?" आणि दुसरा, अकोल्याकडचा, "आमच्या शिवणीले विमान काहून नाही येत?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरं मिळवायची तर विमानतळ कसा उभा राहतो आणि सुरू झालेलं विमान कशावर चालतं, हे आधी समजून घ्यायला हवं.

धावपट्टीचं गणित

बेलोऱ्याची जागा नवी नाही. अमरावतीपासून साधारण १५ किलोमीटरवर, बडनेरा-यवतमाळ रस्त्याच्या बाजूला, १९९२ च्या सुमारास सार्वजनिक बांधकाम खात्यानं इथं धावपट्टी बांधली. नेत्यांची छोटी विमानं उतरायची, एरवी शुकशुकाट. पुढे हे काम महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे आलं आणि २०१९ मध्ये विस्ताराचं भूमिपूजन झालं. तिथून पहिलं प्रवासी विमान यायला जवळपास सहा वर्षं लागली.

अडचण मुख्यतः लांबीची होती. जुनी धावपट्टी १३७२ मीटरची होती, ती वाढवून १८५० मीटर केली. ही पावणेपाचशे मीटरची भर महत्त्वाची का? एटीआर-७२ हे पंख्याचं, सुमारे ७० आसनांचं विमान. थंड हवेत आणि समुद्रकिनारी ते कमी धावूनही उचललं जातं. पण आपल्या वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. हवा तापली की विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि विमानाला जास्त धावावं लागतं. धावपट्टी आखूड असेल तर प्रवासी किंवा सामान तरी कमी करावं लागतं. मोठ्या जेट विमानांना तर याहूनही लांब धावपट्टी लागते. म्हणून बेलोऱ्याला सध्या एटीआरसारखीच विमानं येणार, हे लक्षात ठेवलेलं बरं.

नुसत्या डांबरानंही भागत नाही. धावपट्टीचे दिवे, वैमानिकाला उतरण्याचा कोन दाखवणारी यंत्रणा, अग्निशमन बंब, सुरक्षा तपासणी, हवामानाची माहिती, हे सगळं जागेवर असल्याची खात्री पटल्यावरच नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, परवाना देतं.

स्वस्त तिकीट येतं कुठून?

अमरावती-मुंबई सेवा केंद्राच्या 'उडान' योजनेत आहे. योजना २०१६ ची. तिचं पहिलं उड्डाण एप्रिल २०१७ मध्ये शिमला-दिल्ली मार्गावर झालं. कल्पना साधी आहे. छोट्या शहरातून विमान चालवलं की सुरुवातीला तोटा होतो, म्हणून सरकार तो तोटा भरून देतं. त्या बदल्यात कंपनीनं ठरावीक आसनं ठरलेल्या दराच्या आत विकायची.

भरपाईचा मोठा वाटा केंद्राच्या निधीतून येतो. तो निधी देशातल्या मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर आकारणी करून जमा होतो. महाराष्ट्रासारख्या राज्यानं २० टक्के वाटा उचलायचा असतो. शिवाय विमान इंधनावरचा कर कमी ठेवायचा, पोलीस आणि अग्निशमन मोफत पुरवायचं.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, स्वस्त दर विमानातल्या सगळ्याच आसनांना लागू नसतो. ती आसनं भरली की पुढचं तिकीट महाग होतं. म्हणून तारीख पक्की असेल तर लवकर बुकिंग करणंच शहाणपणाचं. दुसरी जास्त महत्त्वाची: ही मदत कायमची नाही. साधारण तीन वर्षांची असते. एप्रिल २०२५ पासून मोजलं तर २०२८ च्या एप्रिलपर्यंत. त्यानंतर विमान आपल्या पायावर उभं राहिलं पाहिजे.

तीन वर्षांनंतर काय होतं?

देशभराचा अनुभव फारसा धीर देणारा नाही. कॅगच्या २०२३ च्या अहवालात उडानच्या पहिल्या तीन फेऱ्यांचा हिशोब आहे. ७७४ मार्ग मंजूर झाले, त्यातले ३७१ प्रत्यक्षात सुरू झाले. तीन वर्षांची मुदत पूर्ण केली फक्त ११२ मार्गांनी. आणि मदत संपल्यावरही मार्च २०२३ पर्यंत चालू राहिले ते अवघे ५४.

जवळचं उदाहरण सिंधुदुर्गचं. चिपी विमानतळाचं उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ रोजी थाटामाटात झालं. मुंबईसाठी याच कंपनीचं, याच प्रकारचं विमान सुरू झालं. ऑक्टोबर २०२४ मध्ये तीन वर्षं भरली आणि मुंबईची ती सेवा थांबली.

उलट उदाहरण कोल्हापूरचं. तिथंही धावपट्टी १३७० मीटरच होती, ती वाढवून १९३० मीटर केली. मुंबईबरोबर हैदराबाद, बेंगळुरू अशी शहरं जोडली गेली, प्रवासी वाढले आणि मार्च २०२४ मध्ये नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. एकाच शहराच्या एकाच उड्डाणावर तिथला विमानतळ अवलंबून राहिला नाही. बेलोऱ्यानं यातून शिकायचं आहे.

आपल्या घरचा हिशोब

सेवा सुरू झाली तेव्हा विमान आठवड्यातून तीन दिवस होतं: सोमवार, बुधवार, शुक्रवार. दुपारी अडीचला मुंबईहून निघायचं, सव्वाचारला बेलोरा, आणि पावणेपाचच्या आत परत मुंबईकडे. वेळापत्रक हंगामानुसार बदलतं, तेव्हा तिकिटाआधी ताजी वेळ तपासाच. पण या पहिल्या वेळापत्रकावरून एक गोष्ट कळते. अमरावतीचा व्यापारी सोमवारी संध्याकाळी मुंबईत पोहोचणार, मंगळवारी काम करणार आणि परतीचं विमान बुधवारी. म्हणजे एका दिवसाच्या कामासाठी दोन रात्रींचं लॉज. तोच माणूस अमरावती एक्सप्रेसनं रात्री झोपून सकाळी मुंबईत उतरतो आणि त्याच रात्री परत निघू शकतो.

आसनांचं पण पाहा. ७० आसनं आणि तीन फेऱ्या, म्हणजे आठवड्याला एका दिशेनं २१० माणसं. एवढी माणसं रेल्वेच्या तीन स्लीपर डब्यांत एका रात्री जातात. म्हणून विमान रेल्वेची जागा घेणार नाही. मुलंबाळं, आजी-आजोबा, चार पेट्या घेऊन लग्नाला जाणाऱ्या कुटुंबासाठी रेल्वेच सोयीची. मय्यतीला वेळेवर पोहोचायचं तर आठवड्यातून तीन दिवसांच्या विमानावर भिस्त ठेवता येत नाही.

मग उपयोग कुठं?

रुग्णांसाठी. केमोथेरपी घेऊन मुंबईहून परतणाऱ्या माणसाला रात्रभराचे धक्के आणि पावणेदोन तासांचं उड्डाण यात मोठा फरक पडतो. मात्र नुकतंच ऑपरेशन झालं असेल किंवा ऑक्सिजन लागत असेल तर विमान कंपनीला आधी कळवा, डॉक्टरांचं पत्र सोबत ठेवा. व्हीलचेअर बुकिंग करतानाच मागा.

उमरा आणि आखाती देशांच्या प्रवासासाठी. मुंबईहून रात्री जेद्दा किंवा दुबईचं विमान असेल तर संध्याकाळी मुंबईत उतरणं सोयीचं पडतं. पण इथं तीन गोष्टी नीट पाहा. दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर पहिलं विमान उशिरा आल्यानं दुसरं चुकल्यास नुकसान आपलंच, परदेशी जाणारी कंपनी त्याला जबाबदार नसते. म्हणून मध्ये भरपूर वेळ ठेवा. वयस्कर मंडळी असतील तर आदल्या फेरीनं जाणं उत्तम. दुसरं, सामान. देशांतर्गत विमानात साधारण १५ किलोची मर्यादा असते, आंतरराष्ट्रीय तिकिटावर बरंच जास्त नेता येतं. परतताना खजूर, जमजम आणि भेटवस्तूंच्या पेट्या घेऊन मुंबईत उतरल्यावर पुढच्या विमानाला जादा पैसे मोजावे लागतील. अशा वेळी जाताना विमान आणि येताना रेल्वे हा हिशोब बरा. तिसरं, टूरवाल्यानं 'अमरावतीहून' असं सांगितलं तर विमान कोणत्या वारी आहे आणि रद्द झालं तर पर्याय काय, हे लेखी घ्या.

हक्कही माहीत असू द्या. उड्डाण रद्द झालं तर पूर्ण परतावा किंवा पर्यायी प्रवास, यातलं एक मागता येतं. डीजीसीएच्या नियमांत हे स्पष्ट आहे. बोर्डिंग पास आणि कंपनीचे मेसेज जपून ठेवा.

शिवणीचं काय?

अकोल्याची शिवणीची धावपट्टी बेलोऱ्याहून कितीतरी जुनी, ब्रिटिशांच्या काळातली, १९४३ ची. ती विमानतळ प्राधिकरणाकडे आहे. लांबी सुमारे १४०० मीटर, म्हणजे जुन्या बेलोऱ्याइतकीच. वाढवायची तर आजूबाजूची जमीन हवी. त्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची जमीन आणि खासगी जमीनही येते. अकोलेकर वर्षानुवर्षे ही मागणी करतात आणि ती सोडण्याचं कारण नाही.

पण तोवर अकोल्यानं बेलोऱ्याकडे परकं म्हणून पाहू नये. राष्ट्रीय महामार्ग ५३ च्या अमरावती-अकोला टप्प्यावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरणाचा गिनीज विक्रम झाला. त्या रस्त्यानं दोनेक तासांत बेलोरा गाठता येतं. नागपूर विमानतळ अकोल्याहून अडीचशे किलोमीटर आहे. बेलोऱ्याच्या आसनांत अकोला, मूर्तिजापूर, कारंजा, दर्यापूरची माणसं बसली तर विमान टिकेल, फेऱ्या वाढतील. वऱ्हाडात प्रवासी आहेत हे आकड्यांनी सिद्ध झालं तर शिवणीची मागणीही जड होईल. बेलोऱ्याचं विमान बंद पडलं तर मात्र सरकार अकोल्याला तोच दाखला देईल.

मुलांसाठी एक वाट

बेलोऱ्यात आणखी एक गोष्ट उभी राहते आहे, तिच्याकडे पालकांनी लक्ष द्यावं. एअर इंडियानं इथं वैमानिक प्रशिक्षण संस्था जाहीर केली आहे. ३४ प्रशिक्षण विमानं आणि वर्षाला १८० वैमानिक, असा तिचा आराखडा. वैमानिक व्हायला बारावीत फिजिक्स आणि गणित लागत आलं आहे, सोबत वैद्यकीय तपासणी आणि २०० तासांचं उड्डाण. खर्च लाखांत आहे, हे खरं. पण विमानतळावर फक्त वैमानिकच लागत नाहीत. विमान दुरुस्तीचे इंजिनिअर, अग्निशमन, सुरक्षा, तिकीट काउंटर, हवाई वाहतूक नियंत्रण, अशी बरीच कामं असतात. दहावीनंतर विषय निवडताना मुलामुलींसमोर ही यादी ठेवली पाहिजे.

मागायचं काय?

आपल्या आमदार-खासदारांकडे, जिल्हाधिकाऱ्यांकडे निवेदन द्यायचंच असेल तर ते नेमकं असू द्या. फेरी रोजची करा. एका दिवसात जाऊन-येऊन होईल अशी वेळ द्या. मुंबईसोबत पुणे आणि हैदराबाद जोडा. बडनेरा स्टेशन आणि अकोल्याहून विमानाच्या वेळेला धरून एसटी सोडा. या चार गोष्टी झाल्या तर आसनं आपोआप भरतील.

विमानतळ सरकारनं बांधला, तीन वर्षांचा तोटाही सरकार सोसेल. त्यापुढचा निर्णय मात्र भरलेल्या आसनांवर होतो. २०२८ ला अजून वेळ आहे, पण मागण्या आत्ताच करायला हव्यात.