मैत्रीपूर्ण सामना : कोणाशी आणि कशासाठी?

मागल्या वर्षी आमच्या महाविद्यालयाच्या फुटबॉल संघाने आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेपूर्वी चार सराव सामने खेळले आणि चारही जिंकले. स्पर्धेत मात्र पहिल्याच सामन्यात आम्ही तीन गोलांनी हरलो. सोलापूरला परतताना बसमध्ये कोणी कोणाशी बोलत नव्हते. सरावासाठी ते चार संघ मीच निवडले होते, आणि निवडताना कसोटी एकच लावली होती : ज्यांना आपण खात्रीने हरवू असे. त्या पराभवानंतर मनात प्रश्न आला, की देशादेशांचे संघ जे ‘मैत्रीपूर्ण’ सामने खेळतात, त्यांसाठी प्रतिस्पर्धी कसा निवडला जातो? वाचू लागलो तेव्हा ध्यानात आले, की या मैत्रीमागे पुष्कळ हिशेब असतो. तो येथे थोडक्यात मांडतो.

विश्वचषक, आशिया चषक यांसारख्या स्पर्धांबाहेर दोन देशांच्या संघटनांनी आपसांत ठरवलेला सामना तो मैत्रीपूर्ण सामना. त्यात हरल्याने कोणी स्पर्धेतून बाद होत नाही. तारखा मात्र मनाला येतील तशा घेता येत नाहीत. फिफा ही जागतिक संघटना वर्षातील काही दिवस राष्ट्रीय संघांसाठी राखून ठेवते. त्या दिवसांत क्लबांना आपले खेळाडू देशासाठी सोडावेच लागतात. हे दिवस मुळात थोडे, आणि त्यांतलेही बरेच पात्रता सामन्यांत जातात. उरलेल्या मोजक्या दिवसांचा उपयोग दोन कामांसाठी होतो. एक, जागतिक क्रमवारीत वर सरकणे; दुसरे, संघाची उणीव हुडकून ती दूर करणे. अडचण अशी, की ही दोन कामे पुष्कळदा एकमेकांच्या आड येतात.

क्रमवारीला एवढे महत्त्व कशासाठी? कारण मोठ्या स्पर्धांची गटवारी सोडतीने ठरते आणि सोडतीत संघांचे भाग क्रमवारीनुसार पाडतात. वरच्या भागात असलेल्या संघाची पहिल्याच फेरीत बलाढ्यांशी गाठ पडणे टळते. २०१८ पूर्वीच्या पद्धतीत प्रत्येक सामन्याचे गुण काढून त्यांची सरासरी घेत. मैत्रीपूर्ण सामन्यात जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या संघाला हरवले, तरी फार तर ६०० गुण मिळत. तोच विजय पात्रता फेरीत मिळाला तर १५००. म्हणजे मैत्रीपूर्ण सामना जिंकूनही वरच्या संघाची सरासरी घसरू शकत असे! पोलंडने हे नेमके हेरले. नोव्हेंबर २०१६ नंतर जवळजवळ वर्षभर त्यांनी एकही मैत्रीपूर्ण सामना खेळला नाही. डिसेंबर २०१७ च्या सोडतीत हा संघ ब्राझील व जर्मनी यांच्या पंक्तीत पहिल्या भागात बसला. स्पेन व इंग्लंड दुसऱ्या भागात राहिले. पुढे प्रत्यक्ष विश्वचषकात पोलंड सेनेगल आणि कोलंबियाकडून हरून गटात शेवटचा आला.

ही पळवाट ऑगस्ट २०१८ पासून बंद झाली. आता सरासरी नाही. प्रत्येक सामन्यानंतर मूळ गुणांत भर पडते किंवा घट होते. मैत्रीपूर्ण सामन्याचे वजन राखीव दिवसांत १०, एरवी ५. पात्रता सामन्याचे २५. समजा, राखीव दिवसांत आपण आपल्यापेक्षा ३०० गुणांनी वरच्या संघाशी खेळलो. जिंकलो तर सुमारे ७·६ गुण मिळतील, बरोबरी झाली तर २·६ मिळतील, हरलो तर फक्त २·४ जातील. तेवढ्याच दुबळ्या संघाशी खेळून जिंकलो तर मिळणार २·४, आणि हरलो तर जाणार ७·६. बलवानाशी खेळणे आता हिशेबातही तोट्याचे राहिलेले नाही.

आपल्या देशाचे उदाहरण पाहू. मार्च २०१५ मध्ये भारत १७३ व्या स्थानी होता. ३ सप्टेंबर २०१६ रोजी मुंबईत, अंधेरीच्या मैदानावर, भारताने पोर्तो रिकोला ४–१ असे नमवले. तब्बल ६१ वर्षांनी मुंबईत आंतरराष्ट्रीय सामना होत होता. येथे निवड विचारपूर्वक झालेली दिसते. पाहुणा संघ क्रमवारीत ११४ वा, भारत १५२ वा. म्हणजे प्रतिस्पर्धी वरचा, पण आवाक्यातला. पुढे कंबोडिया, नेपाळ यांच्यावरही विजय मिळाले आणि जुलै २०१७ मध्ये भारत ९६ वा झाला.

त्यानंतरची आखणी मला अधिक मोलाची वाटते. जानेवारी २०१९ च्या आशिया चषकात आपल्या गटात अमिरात आणि बहरीन होते. त्याआधी भारत चीनमध्ये जाऊन चीनशी ०–० असा बरोबरीत सुटला, आणि पश्चिम आशियात जाऊन जॉर्डन व ओमान यांच्याशी खेळला. यांपैकी एकही सामना आपण जिंकला नाही. तरी चषकाच्या पहिल्याच सामन्यात थायलंडला ४–१ असे हरवले. पुढले दोन सामने गमावले, पण संघ कोठेही बुजलेला दिसला नाही.

याच्या उलट २०२३ चे वर्ष. इंफाळ, भुवनेश्वर आणि बेंगळुरू येथे, म्हणजे मायदेशातच, भारताने लागोपाठ तीन स्पर्धा जिंकल्या. जुलैत क्रमांक ९९ झाला आणि विश्वचषकाच्या पात्रता सोडतीत दुसऱ्या भागात जागा मिळाली. लाभ खरा होता, तो नाकारता येणार नाही. परंतु जानेवारी २०२४ मध्ये कतारला झालेल्या आशिया चषकात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया या तिघांकडूनही आपण हरलो. एकही गोल करता आला नाही. मार्चमध्ये तर गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून १–२ अशी हार पत्करावी लागली आणि अखेर पात्रतेची तिसरी फेरी हुकली. वासरांत लंगडी गाय शहाणी, ही म्हण आपल्या वाडवडिलांनी उगीच केलेली नाही. या अपयशाला इतरही कारणे असतील. पण घरच्या मैदानावरील विजयांनी ती उणीव झाकून ठेवली, एवढे निश्चित.

म्हणून मला वाटते, सामना ठरवण्याआधी प्रतिस्पर्ध्याच्या नावापुढे एक प्रश्न लिहावा : या संघाकडून आपल्याला काय शिकायचे आहे? मार्च २०२१ मध्ये दुबईत भारताने ओमानविरुद्ध एकाच सामन्यात १० नवे खेळाडू उतरवले व १–१ अशी बरोबरी साधली. चारच दिवसांनी अमिरातीकडून ०–६ असा पराभव झाला. टीका पुष्कळ झाली. परंतु कोणता नवा खेळाडू कोठे कमी पडतो, हे कळण्यासाठी अशा सामन्याइतकी स्वस्त जागा दुसरी नाही. चाचणी परीक्षेत चुकलेले उत्तर वार्षिक परीक्षेत सुधारता येते. चाचणीच सोपी घेतली, तर चूक प्रथम वार्षिक परीक्षेतच उघडी पडते.

यंदा सराव सामन्यांची यादी पुन्हा माझ्याकडे आली. या वेळी तीनच सामने ठरवले. एक संघ आमच्याहून वेगवान, एक अंगापिंडाने दांडगा, आणि तिसरा सामना कोल्हापुरात, जेथे प्रेक्षक आमच्या बाजूचे नसणार. दोन हरलो, एक बरोबरीत सुटला. आमची डावी बाजू उघडी पडते, हे पहिल्याच सामन्यात कळले. त्या बाजूला मीच खेळत होतो. तिसऱ्या सामन्यापासून माझ्या जागी दुसरा मुलगा खेळू लागला. स्पर्धेत आम्ही पहिला सामना जिंकला आणि दुसरा एका गोलाने हरलो. चषक मिळाला नाही. पण परतीच्या बसमध्ये सोलापूर येईपर्यंत बोलणे चालू होते, आणि पुढल्या वर्षी कोणाशी खेळायचे याची यादी तेथेच सुरू झाली.